मांटू (टीबीची त्वचेवरची टेस्ट) निगेटिव्ह आली, तरी आठ आठवड्यांनी परत का?

भटकी_मांजर: माझ्या रूममेटला फुफ्फुसाचा टीबी निघाला. माझी मांटू निगेटिव्ह, एक्सरे क्लिअर, तरी डॉक्टर म्हणतात आठ आठवड्यांनी परत करा. शरीराला जंतू आलाय हे कळायला एवढा वेळ लागतो का? सर्दीत तर दोन दिवसांत कळतं की

लॅबवाला: टीबीत लागतो. जंतू श्वासातून गेला की फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण हे बेणं आत मरतच नाही, ज्या कप्प्यात पचवायचं तो लायसोसोमला (पेशीतली पाचक रसांची पिशवी) जोडूच देत नाही आणि तिथेच आरामात वाढतं, त्यामुळे लिम्फ नोडपर्यंत (प्रतिकारशक्तीच्या गाठी) खबर जायलाच उशीर, मग टी पेशी (जंतूला ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होणार, मग त्या फुफ्फुसात येणार. उंदरांतसुद्धा यात दोनेक आठवडे जातात. माणसात मांटू पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे. मांटू जंतू नाही, टी पेशींची प्रतिक्रिया दाखवते.

भटकी_मांजर: ओके, म्हणजे आत्ताची निगेटिव्ह फारशी कामाची नाही 😐 आणि लहानपणी बीसीजी घेतलंय त्याचं काय?

सुमनमावशी: अगं, बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून बरंच वाचवतं, मोठ्यांच्या फुफ्फुसाचा भरवसा नाही. आणि पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नकोस, बहुतेकांत टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजला जोर देतात, जंतूभोवती गाठ बनते, तो आत अडकतो. आयुष्यभरात ५ ते १० टक्केच लोक आजारी पडतात. एचआयव्ही असेल किंवा संधिवाताची टीएनएफ (प्रतिकारशक्तीचं आणखी एक संदेश देणारं प्रथिन) दाबणारी इंजेक्शनं चालू असतील तर मात्र गाठ टिकत नाही, तसलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांग. खोकला, ताप आला तर आठ आठवडे थांबू नको