मदत हवी आहे: लाल रक्तपेशींत भरलेले औषध पहिल्या तासातच बाहेर कसे दिसते?

नमस्कार. मी एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असून लाल रक्तपेशींत डेक्सामेथासोन फॉस्फेट (डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचे फॉस्फेट जोडलेले रूप) भरण्याचा प्रकल्प करत आहे. फॉस्फेटवरील विद्युतभारामुळे हे औषध पेशीच्या पटलातून सहजी पार होत नाही. आतील विकरे फॉस्फेट तोडतात आणि मोकळे झालेले डेक्सामेथासोन सावकाश बाहेर झिरपते. इटलीत याच तत्त्वावर रुग्णाच्या स्वतःच्या सुमारे ५० मिली रक्तात औषध भरून ते त्यालाच परत देण्याची पद्धत विकसित झाली आणि अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिच्या चाचण्याही झाल्या.

माझी अडचण त्या मानाने फार प्राथमिक आहे. सायट्रेट घातलेले शेळीचे रक्त सेंट्रिफ्यूज करून, वरचा पांढऱ्या पेशींचा थर काढून, पेशी तीनदा धुतल्यावर मी त्या बर्फात ठेवलेल्या सौम्य क्षारद्रावणात औषधासह फुगवतो, मग तीव्र क्षारद्रावण घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवतो, जेणेकरून फुगताना पटलाला पडलेली छिद्रे मिटावीत. (शेळीच्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा खूप लहान आणि फुटायला हळव्या असतात, त्यामुळे पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे वापरून पहिल्या दोन खेपांना माझ्या हाती निव्वळ लाल पाणी आले.) आता पेशी टिकतात, पण तिसऱ्या धुण्यानंतरही वरचा द्रव फिकट गुलाबीच राहतो आणि २४२ नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाशशोषण मोजल्यास निम्म्याहून अधिक औषध तासाभरात बाहेर आलेले दिसते.

मला या आकड्याचाच संशय आहे. हिमोग्लोबिनही त्या तरंगलांबीवर प्रकाश शोषते. शिवाय फॉस्फेट आणि मोकळे डेक्सामेथासोन यांत तिथे फरक कळत नाही, म्हणजे औषध छिद्रातून गळाले, पृष्ठभागावर चिकटलेले सुटले, की अपेक्षेप्रमाणे पटलातून आले, हे ठरवता येत नाही.

औषधाशिवाय फुगवून मिटवलेल्या पेशी आणि न फुगवता नुसत्या औषधात ठेवलेल्या पेशी, असे दोन नियंत्रण-नमुने ठेवले तर ते पुरेसे होतील का? ॲसिटोनायट्राइल या द्रावकाने प्रथिने खाली बसवून नमुना एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) घेताना, गोठलेल्या हिमोग्लोबिनच्या साक्यात किती औषध अडकते, याचा हिशेब कोणी कसा ठेवला आहे? आमच्याकडे ते यंत्र आठवड्यातून एकच दिवस मिळते, त्यामुळे तोवर नमुने उणे २० अंशांवर ठेवले तर चालतील की प्रथिने आधीच काढून टाकावीत, हेही कृपया सांगावे.