पाटणादेवीच्या वाटेवर शेतात खोल्या बांधायच्या आहेत. आरंभ कोठून करावा?

गिरणाकाठ:
नमस्कार. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची शेती आहे. पावसाळ्यात केदारकुंड व धवलतीर्थ हे धबधबे पाहण्यासाठी आणि नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी मोठी गर्दी होते. मात्र माणसे सकाळी येऊन संध्याकाळी परततात आणि गावाच्या वाट्याला उष्ट्या पत्रावळी व रिकाम्या बाटल्या तेवढ्या उरतात. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी ती ओढ्यात अजून सापडतात. शेतात पाच खोल्या बांधून मुक्कामाची सोय करावी, असा विचार आहे. गौताळा अभयारण्य लागूनच असल्यामुळे जंगलाला आणि गावाच्या पाण्याला झळ पोहोचू नये, यासाठी काय करावे?

तापीपार:
भाऊ, पाच हा आकडा कोठून आला? खोल्यांची संख्या आपल्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते, त्यावरून ठरवावी. श्रावणातल्या विहिरीकडे पाहून ठरवली, तर उन्हाळ्यात टँकर मागवावा लागेल आणि तो शेजाऱ्यांच्याच वाट्याचे पाणी आणील. शॉवरऐवजी बादली आणि तांब्या ठेवावा. न्हाणीचे पाणी पपई किंवा केळीच्या आळ्यात सोडता येते. शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असावे. एक भरल्यावर दुसरा वापरात घ्यायचा आणि पहिल्यातील मैल्याचे वर्षभरात खत होते. मात्र हे खड्डे विहिरीपासून लांब व उताराच्या खालच्या बाजूस हवेत. आमच्याकडे एकाने ते वरच्या अंगाला खोदले आणि नंतर विहीरच बंद करावी लागली.

केळीबाग:
जेवणाविषयी लिहितो, कारण कचऱ्याचा मोठा भाग तेथूनच निघतो. आपल्या भरीत पार्टीत वांगी कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात आणि पंगत केळीच्या पानावर बसते. म्हणजे सरपण शेतातले आणि ताट गुरांच्या किंवा खताच्या कामाचे. पाने मात्र घड उतरवलेल्या झाडांचीच घ्यावीत. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या झाडाची पाने तोडली, तर घड भरत नाही. बाजारातील चकचकीत कागदी ताटांना भुलू नये, कारण त्यांपैकी पुष्कळांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. हिवाळ्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भरीत दिले, तर पाहुणा दुसरे काही मागणार नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

पांझरा:
साक्री तालुक्यातील बारीपाडा अवश्य पाहून यावे. तेथील ग्रामस्थांनी चैतराम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे रानभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते आणि ती पाहण्यास बाहेरून लोक येतात. आधी जंगल राखले गेले आणि पाहुणे मागाहून आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

तापीपार:
पांझरा यांचे म्हणणे मान्य आहे, परंतु बारीपाड्याचा नियम येथे जसाच्या तसा लागू होणार नाही. गौताळा 1986 पासून अभयारण्य आहे, त्यामुळे आत काय करता येईल हे गाव एकटे ठरवू शकत नाही. रात्रीची जंगलफेरी, मोठा ध्वनिवर्धक, माकडांना खाऊ घालणे, यांपैकी काहीही पाहुण्यांना कबूल करू नये. त्याऐवजी गावातील दोन-तीन मुलांना वाटाडे म्हणून तयार करावे. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापल्याचे पाटणादेवीजवळच्या पाटण गावातील शिलालेखात नमूद आहे. ही हकिगत सांगणारा माणूस मिळाला, तर धबधब्यावर सेल्फी काढून परतणारेही घटकाभर थांबतील आणि ते पैसे गावातच राहतील.

गिरणाकाठ:
सर्वांचे आभार. वडिलांना विचारले, मे महिन्यात आमची विहीर जेमतेम दोन तास मोटर चालवू देते. म्हणून तूर्त दोनच खोल्या बांधू आणि एप्रिल-मे बंद ठेवू. पाण्याच्या बाटल्यांऐवजी माठ ठेवणार आहे, परंतु शहरातील पाहुणे विहिरीचे पाणी पिण्यास कचरतात. पाणी तपासून त्याचा अहवाल माठाशेजारी लावला, तर पुरेल का?

केळीबाग:
पुरेल, पण अहवाल दर पावसाळ्यानंतर नवा लावावा.