बायनरी मिक्श्चर: बेंझोइक आम्ल निम्मंही हाती येत नाही

टीवायकेम_सोलापूर:
बायनरी मिक्श्चर, म्हणजे दोन घनांचं मिश्रण, वेगळं करायचंय: बेंझोइक आम्ल १ ग्रॅम + नॅप्थलीन १ ग्रॅम. ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट १०० मिली घालून ढवळलं, गाळलं, गाळलेल्या द्रावणात निळा लिटमस लाल होईपर्यंत एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) टाकलं. साका (खाली बसलेलं घन बेंझोइक आम्ल) वाळवून ०.४० ग्रॅम, वितळतो ११६ ते ११९ ला. नॅप्थलीनसुद्धा ०.७ ग्रॅमच मिळालं. एप्रिल आहे, लॅबमध्ये ४० अंश. त्याऐवजी ईथर हा द्रावक वापरून वेगळं करू का?

बुखनर:
१०० मिली कशाला? १ ग्रॅम आम्लाला ०.७ ग्रॅम बायकार्बोनेट लागतं, म्हणजे ५ टक्क्यांचं १४ मिली. २५ मिली घ्या, खडे काचकांडीने चेचा, फेस थांबला की गाळा, ५-५ मिली पाण्याने दोनदा धुवा. बेंझोइक आम्ल ४० अंशाला लिटरमागे ५.५ ग्रॅम विरघळतं, शून्याला १.७. तुमच्या १०० मिलीतच अर्धा ग्रॅम गेला! एकूण ३५ मिली द्रावण बर्फात थंड केलं तर तोटा ०.०६ ग्रॅमवर येतो. रसवंतीवरचा बर्फही चालेल, बीकरभोवती ठेवायचाय, आत टाकायचा नाही. साका धुवायचा तोही बर्फगार पाण्यानेच, नळाच्या नव्हे.

पीकेए_४.२:
लिटमसवर थांबू नका. तो पीएच ५ च्या आसपासच लाल दिसतो, आणि तेव्हा आम्लाचा मोठा भाग अजून बेंझोएट (त्याचा विरघळलेला क्षार) म्हणून द्रावणातच असतो. काँगो रेड पेपर (लिटमससारखाच रंग बदलणारा कागद) निळा होईपर्यंत, म्हणजे पीएच ३ च्या खाली जा. २५ मिलीला तीव्र एचसीएल दीड मिलीच्या आसपास पुरतं. थेंबथेंब टाका आणि बीकर २५० चा घ्या, नाहीतर फेसाबरोबर माल टेबलावर.

बुखनर:
बरोबर, ते राहिलंच. शुद्ध आम्ल १२२ ला वितळतं. तुमचं बहुधा ओलं आहे किंवा त्यात नॅप्थलीनचा अंश आलाय. गाळलेलं द्रावण गढूळ दिसलं तर दुहेरी पेपरमधून पुन्हा गाळा, मग मिळालेला साका थोड्या उकळत्या पाण्यातून रिक्रिस्टलाइझ करा (विरघळवून थंड करा आणि पुन्हा स्फटिक मिळवा) आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) नीट वाळवून द्रवणांक घ्या.

नळीकांडी:
नॅप्थलीन ओव्हनमध्ये किंवा पंख्याखाली वाळवलं असणार. ते उडून जातं. फिल्टर पेपरांत दाबून टिपा, पाणी गेलं की लगेच वजन करा.
ईथर नको. त्याचा उत्कलनांक ३४.६, म्हणजे तुमच्या लॅबमध्ये बाटली उघडताच उकळेल, सेपरेटिंग फनेलचं (द्रवांचे थर वेगळे करायच्या बंद नरसाळ्याचं) बूच उडेल, आणि शेजारी बर्नर असेल तर आग. दोन्ही घन आहेत, बायकार्बोनेटने वेगळे होतात, द्रावक लागतच नाही.