शनिवारचा गच्चीवरचा सिनेमा

ए-५०२: मंडळी, शनिवारी रात्री गच्चीवर ‘कागज के फूल’ लावतोय. सगळ्यांनी या.

बी-२०१: दादा, १९५९चा आणि ब्लॅक अँड व्हाइट. मुलं बसतील का? एखादा रंगीत बघा ना.

सी-३०४: ताई, मुलांना आधी कॅमेरामनबद्दल सांगा, बसतील. व्ही. के. मूर्ती. मूळचे म्हैसूरचे, बंगळुरूला पॉलिटेक्निकमध्ये सिनेमॅटोग्राफी शिकले आणि मुंबईत आले. गुरुदत्तच्या ‘बाजी’ सिनेमाला ते असिस्टंट होते. एक अवघड शॉट त्यांनी सुचवला आणि स्वतः घेऊन दाखवला. गुरुदत्तनी तिथेच त्यांना हेरलं, ‘जाल’पासून कॅमेरा त्यांच्याकडे.

सी-३०४: यातलं ‘वक्त ने किया’ गाणं बघताना मुलांना त्या झोताकडे बघायला सांगा. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका येणारा जाड झोत. दिव्याचा उजेड पसरत जातो, असा सरळ राहत नाही. म्हणून मूर्तींनी बाहेर उन्हात मोठा आरसा लावला, त्यातलं ऊन आत उंचावरच्या दुसऱ्या आरशावर घेतलं आणि तिथून खाली सोडलं. ते खरं ऊन आहे!

बी-२०१: अरे वा, हे माहीत नव्हतं. लेकीला यंदा विज्ञानात परावर्तनच आहे. आणते तिला.

ए-१०३: मला त्यांचं ‘साहिब बीबी और गुलाम’मधलं ‘साकिया आज मुझे’ फार आवडतं. मागच्या मुली नाचतात पण चेहरा एकीचाही दिसत नाही, सगळ्या सावलीत. उजेड फक्त मिनू मुमताजवर.

सी-३०४: बरोबर वहिनी. या दोन्ही सिनेमांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. ‘कागज के फूल’ मात्र तेव्हा साफ पडला, गुरुदत्तनी पुढे दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नावच लावलं नाही. मूर्तींना २००८चा फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले कॅमेरामन! दिग्दर्शक गोविंद निहलानी त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

सी-३०४: आता एक कळकळीची विनंती. ‘कागज के फूल’ हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचा सिनेमा. मागच्या वेळी पडदा भरायला चित्र ताणलं होतं, माणसं लांबुडकी दिसत होती. तसं करू नका, झूमही नको. त्या गाण्यात वहिदा आणि गुरुदत्त एकमेकांपासून किती लांब उभे आहेत, मध्ये सगळी मोकळी जागा. ती जागा हाच तो सीन आहे. कडा कापल्या तर माणसंच जातील. वर-खाली काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

ए-५०२: हो काका. शुक्रवारी सेटिंग लावून बघतो, तुम्हीही या वर. गच्चीचा हॅलोजन बंद ठेवायला वॉचमनला सांगतो.

सी-३०४: टाकीजवळचा दिवाही. तो थेट पडद्यावर पडतो, त्यात मूर्तींचा अंधार दिसणारच नाही.

ए-५०२: ठीक. दोन्ही बंद.