मदत हवी आहे: पोर्शे बॉक्स्टर 986, गिअरबॉक्स उतरवतोच आहे तर आणखी काय बदलू?

गाडी 2003 ची, 2.7 लिटर मॅन्युअल, 1 लाख 20 हजार मैल. मी न्यू जर्सीत आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल ठिबकतंय आणि गार स्टार्टला निळसर धूर येतोय. आडव्या इंजिनात गाडी उभी राहिली की थोडा धूर चालतोच, पण हा मिनिटभर टिकतो. शिवाय आयडलला ऑईल कॅप उघडायला गेलं की आतून जोरात ओढते. पी1128 आणि पी1130 हे फॉल्ट कोडही आलेत, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बँका (सिलिंडरच्या रांगा) लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. माझा संशय एअर ऑईल सेपरेटरवर (क्रँककेस, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतल्या वाफांमधून तेल वेगळं करणारा भाग). त्याचा फाटलेला पडदा क्रँककेसमध्ये जास्तीचं व्हॅक्यूम करतो.

ऑईल फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिल्या. काळे प्लास्टिकचे बारीक कण आहेत (चेन गाईडचे असावेत), चुंबकाला काहीच चिकटलं नाही. धातूचा चमकता चुरा असता तर नवं आयएमएस बेअरिंग (कॅमच्या चेन फिरवणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचं) घालण्यात अर्थच नव्हता.

क्लच, रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाचं तेलाचं सील) आणि सेपरेटर नक्की बदलणार. प्रश्न असे:

आयएमएस बेअरिंग सिरॅमिक बॉलचं घ्यावं की रोलरचं? रोलर अक्षीय (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा) भार घेत नाही, त्याची सोय किटमध्ये कशी असते?

बेअरिंगवरचं झाकण (फ्लँज) काढण्याआधी क्रँक जागीच अडवणारी पिन लावून चेनचे टेन्शनर काढायचे हे ठाऊक आहे. कॅमशाफ्टही लॉक करता का? टायमिंग सरकलं तर सगळंच मुसळ केरात.

ड्युअल मास फ्लायव्हीलचे (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं फ्लायव्हील) भाग हाताने एकमेकांच्या मानाने किती फिरले तर ते बाद धरता?