निवृत्तीनंतर कुठे राहावं : हवा बघून की माणसं बघून?

हवाबदल
पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. पुण्यातला फ्लॅट विकून बाहेर पडायचं हे नक्की. जो तो सांगतो, 'आपली माणसं असतील तिथे जा.' मला पटत नाही. ओळखी होतात, रीतीभाती अंगवळणी पडतात. साठीनंतर सांध्यांना हवा मानवली नाही की नाहीच. म्हणून आधी हवा! दापोली मनात आहे. समुद्र जवळ, तरी गाव उंचावर. 'माणसं आधी' म्हणणाऱ्यांनी कारणं द्यावीत.

आगोट
दापोली तालुक्यातच राहतो. तुम्ही डिसेंबरात येऊन गेला असणार. एकदा जुलैत या. झड आत येते म्हणून पडवीला झापं बांधतो आम्ही. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, मिठाला पाणी सुटतं. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पण जांभ्यात पाणी ठरत नाही, मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो.
आणि 3 जून 2020. 'निसर्ग' चक्रीवादळाने माड, पोफळी, कौलं सगळं आडवं केलं. कित्येक गावांत वीज यायला आठवडे गेले. आमच्या दारात आडवं पडलेलं आंब्याचं झाड कोणी तोडलं? वाडीतल्या पोरांनी, न बोलावता. कारण शिमग्याला पालखी आमच्या दारात येते, वर्गणी चुकत नाही, गावकीत बसणं-उठणं आहे. गेटाला कुलूप लावून राहणारा बंगलेवाला इथे दहा वर्षांनीही 'पुण्याचे ते' एवढाच असतो.

हवाबदल
हे तर माझ्याच बाजूचं झालं. तिथली हवा वाईट असेल तर दुसरी बघू. निकष हवेचाच राहिला! विजेचं म्हणाल तर इन्व्हर्टर आहे.

आगोट
इन्व्हर्टर किती आठवडे चालतो?

बर्डीवाला
काय हवा हवा करून राहिले भाऊ! नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, लोक काय पळून जातात का? दुपारी खिडक्या बंद, कूलरले वाळ्याच्या ताट्या, संध्याकाळी उसाचा रस. कोरडी गर्मी आहे म्हणून कूलर चालते तरी, कोकणात लावला तर अजून चिपचिप. अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा घरात कोणी बसत नाही. पुण्यात नोकरी केली मी. हवा एक नंबर, पण समोरच्या दारात कोण राहते ते शेवटपर्यंत समजलं नाही.

रंकाळाकाठ
माणसांचं कौतुक मलाही आहे. कोल्हापुरात नवीन आलेल्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंय, 'पाटाकडील का प्रॅक्टिस?' म्हणजे फुटबॉलचा संघ कुठला तुमचा! एकदा शाहू स्टेडियमवर मॅचला बसला की झाला आमचा. पण पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. माणसं जिवाला जीव देणारी, म्हणून काय पूररेषेत घर घ्यायचं? यात मी हवाबदलरावांच्या बाजूनं. आधी आभाळ आणि नदी बघा, मग शेजार.

पोफळी
सगळं 'मी, मी' चाललंय. वहिनींना विचारलंत का? गावकीत पुरुष बसतात. तिला भजनी मंडळ, भिशी, हाकेच्या अंतरावर कोणी बोलायला लागेल. पावसात रात्री तुमच्या छातीत कळ आली आणि डेरवणच्या हॉस्पिटलला न्यायची वेळ आली, तर गाडी कोण चालवणार? हे ठरवल्याशिवाय हवेच्या गप्पा म्हणजे रिकामटेकडेपणा.

हवाबदल
विचारलं. तिला कोल्हापूर हवं, माहेर आहे ना! गाडी ती माझ्यापेक्षा बरी चालवते. माझं मत बदललेलं नाही, पण विकत घेण्याआधी जून ते सप्टेंबर भाड्याने राहून बघणार. आगोट, तिकडे एखादं कौलारू घर मिळेल?

आगोट
मिळेल. शाकारलेलं आहे का ते मेमध्येच बघून घ्या. आणि चपला प्लास्टिकच्या आणा.