गव्हाच्या शेतातून बिनधास्त चाललो. गावाकडे असं का चालता येत नाही?

निवांत_काका
लेकीकडे ऑक्सफर्डला आलोय. संग्रहालयं, राजवाडे सगळं रीतसर बघून झालं. पण मन रमलं ते कॉट्सवोल्ड्सच्या शिवारात पायी हिंडताना. गहू कमरेला आलेला आणि त्याच्या मधोमध माणूस जाईल एवढी पट्टी मोकळी. ओंब्या दोन्ही हातांना लागतात. कुंपण आलं की दोन फळ्यांची लाकडी पायरी, खांबावर पिवळा बाण. पलीकडे उतरलं की मेंढ्यांचं कुरण. एका फाटकाशी अंड्यांची खोकी ठेवलेली, शेजारी पैसे टाकायला डबा, आणि आसपास चिटपाखरू नाही!

जावई म्हणाला, शेत खाजगी, पण वाट सगळ्यांची. नांगरताना मोडली तर शेतकऱ्याने १४ दिवसांत ती किमान एक मीटर रुंद पुन्हा करून द्यायची, असा कायदाच आहे.

माझं मत: आपलं खेडं देखणेपणात कुठेच कमी नाही, पण ते चालत बघायची सोय आपण ठेवलेली नाही. आपण ते गाडीच्या काचेतून बघतो, नाहीतर रिसॉर्टच्या गॅलरीतून. बोला.

माळरान
सोय नाही म्हणजे काय, काका? हिवाळ्यात आमच्या पारनेरकडे या. कुणाच्याही बांधावरून खुशाल जा. बाण नाहीत, पण शेळ्या राखणारी म्हातारी आहे. ती वाट सांगते आणि वर तुमचं गोत्रही विचारते. हुरड्याच्या दिवसांत तर हाक मारून बसवतात. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळून गरम दाणे तुमच्या हातात ओततील. तिकडे दिली का कुणी एक ओंबी? डब्यात पैसे टाकून अंडी घेतली, माणूस भेटलाच नाही. त्याचं कसलं कौतुक!

सई_भटकी
माळरान, ती हाक तुम्हाला येते. मी एकटी बांधावरून निघाले की "कुणाकडची? एकटीच? बरोबर कोण नाही?" हे तीन प्रश्न ठरलेले. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण दिवसभर खुलासे देत कोण हिंडणार? मला माणूस न भेटण्यातही सुख वाटतं. काकांना पूर्ण अनुमोदन.

ऊसवाला_वाळवा
कायद्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडेही कायदा आहे. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३: बांधावरून वाट मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५: वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार मोकळी करून देतो. फरक एवढाच, की ही कलमं ज्याला आपल्या शेतात जायचंय त्याच्यासाठी आहेत. ओंब्यांना हात लावत फिरणाऱ्यासाठी नाहीत.

आणि शेतकऱ्याचीच वाट कुठे जाग्यावर आहे? आमची पाणंद गावनकाशावर आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी बांध कोरत कोरत ती इतकी अरुंद झाली, की तोडीच्या वेळी उसाची ट्रॉली आत जात नाही. भाऊ भावाला वाट देत नाही, तिथे पाहुण्यांचं काय घेऊन बसलात?

लीड्सकर
इथे राहतो म्हणून दोन्ही बाजूंनी बोलतो. पिवळा बाण आभाळातून पडलेला नाही. १९३२ साली डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर शेकडो लोक मुद्दाम घुसले, कारण तो माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच जण तुरुंगात गेले. पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली ती १९४९ च्या कायद्याने.

बाकी काकांनी फक्त उन्हाळा बघितलाय. जानेवारीत या; त्याच पट्टीत बूट घोट्यापर्यंत रुततो. वासरं असलेल्या गाईंच्या कळपातून वाट गेली तर लांबून वळसा घाला, त्या गाई गरीब नसतात.

पाखाडीवरून
मी गुहागरकडचा आणि काकांच्या पूर्ण विरोधात. आमच्या जांभ्याच्या पाखाड्या वाडीतून थेट समुद्रापर्यंत उतरतात, त्यांना कुणी बाण लावलेला नाही. मे महिन्यात कडेच्या जाळीतलं करवंद तोडायचं, फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. यासाठी नकाशा लागत नाही.

उलट नकाशावर आलं की काय होतं ते भंडारदऱ्याला बघा. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्यांच्या रांगा, दिवे चालू, मोबाइलचे फ्लॅश चालू, आणि लोक झाडाखाली शिरून गवतावरचे काजवे तुडवतात. ज्या वाटा कुणाला ठाऊक नाहीत, त्या तशाच राहू देत.

निवांत_काका
पाखाडीवाले, भंडारदऱ्याला गर्दी होते ती डांबरी रस्त्यावरून, पायवाटेने नव्हे. चार मैल चालत येणाऱ्याच्या कपाळावर हेडलाइट नसतो. आणि "ठाऊक नाहीत" म्हणजे कुणाला? तुमच्या वाडीला आहेतच की. सईसारखीने मग कुणाचं बोट धरून फिरायचं?

माळरान, हुरड्याचं आमंत्रण घेतलं. पण ते तुमच्या मर्जीवर आहे हो. वाट हक्काची हवी, कणीस मर्जीचं चालेल.

माळरान
हक्क म्हटलं की दुसऱ्या दिवशी शेतात चिप्सची पाकिटं. ती उचलायला पण कायदा आणा.

सई_भटकी
म्हणजे पाकिटं टाकणार दुसरे आणि वाट बंद माझी!

ऊसवाला_वाळवा
काका, बाण मी स्वखर्चाने लावतो, खांबासकट. शेजाऱ्याने पाणंदीतला ऊस काढला की कळवतो. तारीख पडली आहे.